आधार सुरांचा

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींच्या घरी माळ्यावर नाहीतर कपाटावर एखादी पेटी जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेली आहे? लग्नाआधी कुणाची प्रवेशिका पूर्ण झालेली, कुणाची मध्यमा. मग संसार, मुलं, सासू-सासऱ्यांची दुखणी, आणि गाणं राहिलं ते राहिलंच. इथे पनवेलला आमच्या मंडळात अशा बऱ्याच जणी आहेत. या गांधर्वच्या परीक्षा ज्यांच्या नावाशी जोडलेल्या आहेत, ते विष्णू दिगंबर पलुस्कर. त्यांची जयंती १८ ऑगस्टला आणि पुण्यतिथी २१ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने येते.

आज त्यांच्याबद्दल लिहायला कारण आहे. मंडळात हल्ली बायका येतात त्या पापड-लोणच्याच्या ऑर्डरी विचारायला कमी आणि मन मोकळं करायला जास्त. रात्री झोप नाही, उगाचच छातीत धडधडतं, कशातच जीव रमत नाही. मग कुणीतरी मोबाइलवर तासाभराचं शांत संगीत पाठवतं. अमुक राग ऐका, चिंता पळेल, असं खाली लिहिलेलंही असतं. ते वाचलं की मला पलुस्करांचं आयुष्य आठवतं. सूर माणसाला किती तारतात आणि कुठे कमी पडतात, हे दोन्ही त्यात दिसतं.

त्यांचा जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार, त्यामुळे अभंग-भजनं घरातच. पोरगा शाळेत जात होता, सगळं सुरळीत चाललं होतं. आणि दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला. गावात उपचाराची सोय नव्हती. दृष्टी अधू झाली ती जन्मभराची. शिकून नोकरीचाकरी करण्याचा रस्ताच बंद! उपचारासाठी मिरजेला नेलं, तिथे मुलाचा गळा चांगला आहे हे लक्षात आलं आणि मिरज संस्थानच्या आश्रयाने तो पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकू लागला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे ते हेच बुवा. पहाटेपासून रियाज आणि गुरूच्या घरची पडेल ती कामं. डोळ्यांपुढे अंधार आलेल्या त्या मुलाला दिवस कशाने भरायचा, हे गाण्याने दिलं. मनाचे डॉक्टर आज औषधाबरोबर दिवसाचा नेम लावून घ्यायला सांगतात ना, तसंच काहीसं.

१८९६ मध्ये ते मिरजेतून बाहेर पडले. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा असं हिंडत, गात पंजाबात पोचले. तेव्हा गवई म्हटलं की राजाचा आश्रित, आणि गाणाऱ्या बाईकडे तर समाज कसा बघायचा ते सांगायलाच नको. बुवांनी तिकीट लावून लोकांसमोर गायला सुरुवात केली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही राजाच्या नाही, लोकांच्या पैशावर. ठरलेला अभ्यासक्रम, छापलेली पुस्तकं, स्वरलिपी, परीक्षा हे सगळं त्यांनी आणलं. बंदिशींमधले शृंगाराचे शब्द बाजूला सारून भक्तीची पदं घातली, म्हणून तर चारचौघांच्या घरातल्या मुली-सुना गायला बसू शकल्या. तुमच्या-माझ्या आईला पेटी शिकायची परवानगी मिळाली ती या माणसामुळे, असं म्हटलं तरी चालेल. पण ज्या कलावंतिणींनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांना या नव्या सभ्य जगात मान मिळाला नाही. हे मला खटकतं, आणि ते सांगायलाच हवं.

१९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. पुढे सँडहर्स्ट रोडवर स्वतःची इमारत उभी राहिली, अर्थात कर्ज काढून. शिष्यांचं राहणं-जेवण फुकट, त्यामुळे खर्च कधी आवरलाच नाही. शेवटी इमारत लिलावात गेली. उभा जन्म घातलेली संस्था डोळ्यांदेखत हातची गेली!

आणि घरात काय चाललं होतं? विष्णूबुवा आणि रमाबाईंना बारा मुलं झाली, त्यातला दत्तात्रेय तेवढा जगला, असं चरित्रांत येतं. एका ओळीत येतं आणि लेखक पुढे जातात. मी मात्र तिथे थांबते. अकरा वेळा! बुवा दौऱ्यावर, सभांमध्ये, शिष्यांच्या गराड्यात असायचे. रमाबाईंनी ते कसं सोसलं असेल, कुणापाशी बोलल्या असतील? आजही आपल्याकडे बाईचं दुःख असंच एका ओळीत उरकतात.

उत्तरायुष्यात बुवा रामनामाकडे वळले. नाशिकला आश्रम काढला, रामायण गाऊन सांगू लागले. गांधीजींच्या प्रार्थनेत गायली जाणारी रामधून लोकांच्या तोंडी बसली ती त्यांच्या चालीत. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात होते आणि १९३० च्या दांडीयात्रेतही चालले. एकच सोपी ओळ, सगळ्यांनी मिळून, पुन्हा पुन्हा म्हणायची. आता यात विज्ञान काय? लांब ओळ गाताना उच्छ्वास आपोआप लांबतो, श्वास संथ झाला की हृदयाचे ठोकेही सावकाश पडतात, शरीराचा ताण उतरतो. आवडतं गाणं ऐकताना मेंदूत सुखाशी निगडित असं डोपामिन हे द्रव्य स्रवतं, हे कॅनडातल्या माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१९ मध्ये तीन हजारांहून जास्त अभ्यास तपासले, त्यांत कलांचा आरोग्याला उपयोग होतो असं दिसलं. ऑपरेशनआधीची भीती संगीताने कमी होते, नैराश्यात नेहमीच्या उपचारांसोबत संगीतोपचार दिला तर निदान काही काळ आराम पडतो. सोबत, हं! उपचारांऐवजी नाही. अमुक रागाने अमुक आजार बरा, याला मात्र आधार नाही. आमच्या मंडळातल्या एकीला विलंबित ख्यालाने अधिकच उदास वाटतं, तिला जुनी भावगीतं बरी वाटतात. तिने तीच ऐकावीत.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उतरलेलं असेल, अन्नावरची वासना गेली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर गाण्यावर विसंबून राहू नका. सरकारी रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर असतात, त्यांना दाखवा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतूनही. नवऱ्याला विचारून फोन करायची गरज नाही.

बुवा २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला गेले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्याची मोठी वास्तू आपल्या वाशीला आहे, पनवेलहून हार्बर लोकलने सहज जाता येतं. दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला शिकवलं आणि डी. व्ही. पलुस्कर म्हणून तो देशभर गाजला, १९५२ च्या बैजू बावरा सिनेमातही गायला. १९५५ मध्ये मेंदूज्वराने तोही गेला, चौतिसाव्या वर्षी.

त्याची भजनं अजून मिळतात. दर सोमवारी दुपारी मंडळात आम्ही आधी त्यातलं एखादं लावतो, चहा होतो, आणि मग जिला जमेल ती पेटी पुढे ओढते.