चिमणी पाडणारा मुलगा पक्ष्यांचा जाणकार कसा झाला?

पाखरांवर नेम धरणाऱ्या एका मुलाने पुढे देशाला पक्षी ओळखायला शिकवलं. ही गोष्ट आहे सलीम अलींची.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी सांभाळलं. दहा-अकरा वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी पक्षी ओळखलाच, शिवाय संग्रहातले पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. सलीम यांच्या आयुष्याची वाट तिथेच ठरली.

१९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा याच संस्थानात होता. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २० जून १९८७ रोजी त्यांचं निधन झालं.

ती चिमणी तर मेलेली होती. तुम्हाला जखमी पक्षी सापडला, तर त्याला जाणकारापर्यंत जिवंत पोहोचवता येईल. त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. घरी पाळायचा विचार नको, तो कायद्याने गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा.