सहकारी घडविणारा पुढारी : स्वामी रामानंद तीर्थ

स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव मराठवाड्यातील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु त्यांचे चरित्र बहुधा हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा इतिहास म्हणूनच सांगितले जाते. आम्ही येथे त्यांच्याकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहणार आहोत. आपल्या समाजातील अनेक तरुण आज कचेऱ्या, बँका, शाळा व कारखाने यांत काम करीत आहेत, आणि त्यांतील कित्येकांवर दहा-वीस माणसांकडून काम करून घेण्याची जबाबदारी आहे. अशा वरिष्ठाने कसे वागावे, ह्याचा वस्तुपाठ आम्हांस ह्या संन्याशाच्या आयुष्यात दिसतो. संन्याशास जात नसते; म्हणून कोणत्याही समाजाच्या स्मरणिकेत तो उपरा ठरत नाही.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. सोलापूर, अमळनेर व पुणे येथे शिक्षण झाल्यावर ते कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे चिटणीस झाले. पुढाऱ्याच्या हाताखाली निष्ठेने काम करणे ही पुढारीपणाची पहिली शाळा होय, आणि ती त्यांनी तरुणपणीच पार केली. पुढे प्रकृतीने दगा दिला, तेव्हा ते १९२९ च्या सुमारास तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आले आणि तिचे मुख्याध्यापक झाले. ही शाळा निजामी सरकारच्या मदतीवाचून, लोकांच्या आश्रयावर चालत असे. १४ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी संन्यास घेतला. परंतु अंगावर भगवी वस्त्रे आली, तरी हातातले शाळेचे काम सुटले नाही.

आम्ही स्वतः शिक्षकी पेशात आयुष्य घालविले असल्यामुळे हिप्परग्याच्या शाळेचे महत्त्व आम्हांस विशेष वाटते. जेथे पगाराचे आमिष नाही व शिक्षेचा धाकही नाही, तेथे मुख्याध्यापकाजवळ उरते ते केवळ स्वतःचे आचरण. १९३५ साली ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात गेले, तेव्हा बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांच्यासमवेत होते. शाळेतील ही माणसेच पुढे राजकीय लढ्याचे कार्यकर्ते झाली. माणसे आयत्या वेळी गोळा करावी लागत नाहीत. ती आधीच्या साध्या कामातून घडलेली असावी लागतात.

१९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले व १९३८ साली लातूर येथे दुसरे. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि सत्याग्रह सुरू झाला. ह्या सत्याग्रहाची पहिली तुकडी गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली निघाली. स्वामीजी त्यामागून तुरुंगात गेले. एकाने पकडले जावे व दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी, अशी ती योजना होती.

१९४६ साली बंदी उठल्यावर स्टेट काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी स्वामीजी व बुर्गुल रामकृष्णराव यांच्यात निवडणूक झाली. स्वामीजी विजयी झाले, पण अगदी थोड्या मतांनी. म्हणजे संघटनेतील जवळजवळ निम्मी माणसे विरुद्ध बाजूची होती, आणि त्यांनाही बरोबर घेऊनच लढा द्यावयाचा होता.

खरी कसोटी पुढेच होती. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरअखेर ते सुटले व २६ जानेवारी १९४८ रोजी पुन्हा पकडले गेले. ते आत असताना बाहेरचा लढा दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने चालविला. स्वामीजींच्या दुसऱ्या अटकेनंतर अवघ्या चारच दिवसांनी, नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर कार्यकर्त्यांनी धाड घातली. वीस लाखांहून अधिक रक्कम हाती आली, आणि तिचा हिशेब ठेवला गेला. नेता तुरुंगात, समोर एवढी रक्कम, आणि तरीही हिशेब! नेत्याची शिस्त अनुयायांत मुरली होती, ह्याहून दुसरा पुरावा कोणता हवा? १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले.

मात्र स्वामीजींना सर्वच साधले असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. स्वातंत्र्यानंतर संघटनेतील गट मिटले नाहीत, आणि १९५० मध्ये गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे निकटचे सहकारी काँग्रेसबाहेर पडले. राजकारणात वाटा वेगळ्या झाल्या, पण संबंध तुटले नाहीत. १९६७ साली नांदेड येथे स्थापन झालेल्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या उभारणीशी ह्या दोघांचीही नावे निगडित आहेत. ह्या समितीच्या उदगीर केंद्रात विणलेल्या खादीपासून राष्ट्रध्वज तयार होतात. कातणारा, विणणारा, रंगविणारा व शिवणारा ह्यांपैकी एकाचाही हात ढिला पडला, तर ध्वज नीट फडकत नाही. सहकाराचे ह्याहून बोलके चित्र आम्हांस ठाऊक नाही.

स्वामीजींनी मंत्रिपद घेतले नाही. १९५२ व १९५७ साली ते लोकसभेवर निवडून आले. ज्या हैदराबाद राज्यात त्यांचे पुढारीपण उभे राहिले, त्याचेच भाषावार विभाजन व्हावे असा त्यांनी आग्रह धरला. १९५० साली नांदेडमध्ये त्यांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. शंकरराव चव्हाण व पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्याच चळवळीत तयार झालेले कार्यकर्ते. त्यांतील एक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री व दुसरे देशाचे पंतप्रधान झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजींचे देहावसान झाले. १९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेले विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते.

आपल्या समाजात वसतिगृहे, पतपेढ्या व मंडळे उत्साहाने निघतात, आणि संस्थापकाने अंथरूण धरले की कुलूप लागते. कारण तिजोरीची किल्ली व निर्णयाचा अधिकार एकाच खिशात असतो. म्हणून आमची तरुणांस व मंडळाच्या चालकांसही विनंती आहे : आपल्या हाताखालच्या माणसास काम शिकवा, विरुद्ध मत देणाऱ्यास दूर लोटू नका, हिशेब उघडा ठेवा, आणि आपण नसलो तरी काम चालेल अशी व्यवस्था आजच करा. स्वामीजींना पुष्पहार घालण्यापेक्षा हे अवघड आहे खरे. पण त्यांचे स्मरण म्हणतात ते ह्यालाच.