कडुनिंबाचे गुण प्रयोगशाळेत उलगडणारे सलीमुज्जमान सिद्दीकी

बाराबंकी जिल्ह्यात १८९७ मध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९२७ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे डॉक्टरेट मिळवली. वनौषधींचे गुण आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीवर तपासले जावेत, ही दिल्लीच्या हकीम अजमल खान यांची तळमळ होती. ते कार्य त्यांनी सिद्दीकींवर सोपविले. परंतु त्याच वर्षअखेरीस हकीमसाहेबांचे निधन झाले. सिद्दीकींनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळांतून वेगळ्या केलेल्या अल्कलॉइडला ‘अजमलीन’ हे नाव देऊन ते ऋण जपले. पुढे ते हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील औषध ठरले. १९४२ मध्ये त्यांनी कडुनिंबाच्या तेलातून निंबिन, निंबिनिन व निंबिडिन वेगळे केले. त्यामुळे दातवणापासून जखमेवरील लेपापर्यंत वापरल्या जाणाऱ्या या वृक्षाच्या जिवाणुरोधक गुणांच्या अभ्यासाला रासायनिक आधार लाभला. १९५१ मध्ये ते पाकिस्तानात गेले. कडुनिंबाचे संशोधन तेथेही सुरूच राहिले. १९९४ मध्ये कराचीत त्यांचे निधन झाले.