कृष्णाकाठचा मुत्सद्दी

विद्यार्थ्यांनो, 'मुत्सद्दी' हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल. उर्दूत मुतसद्दी म्हणजे कारकून, हिशेब लिहिणारा माणूस. मराठीत येता येता या शब्दाला बढती मिळाली! मराठीत मुत्सद्दी म्हणजे राजकारण जाणणारा, दुसऱ्या राज्याशी बोलणी करून आपल्या राज्याचे हित साधणारा पुरुष. अशाच एका मुत्सद्द्याची ओळख आज आपण करून घेऊ. त्यांचे नाव यशवंतराव चव्हाण.

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री म्हणून तुम्ही त्यांचे नाव ऐकले असेल. परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ दिल्लीत गेला. आधी चार वर्षे ते देशाचे संरक्षणमंत्री होते आणि पुढे अडीच वर्षे परराष्ट्रमंत्री. एका खात्यात शेजाऱ्याशी लढण्याची तयारी करायची, दुसऱ्या खात्यात त्याच शेजाऱ्याशी बोलणी करायची. ही दोन्ही कामे त्यांच्या वाट्याला आली.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, आजोळी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील बेलिफाची साधी नोकरी करीत. यशवंत लहान असतानाच ते वारले. आई विठाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, पण मुलांनी शिकलेच पाहिजे असा त्यांचा निश्चय होता. यशवंतरावांचे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. शाळेत असतानाच ते स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले आणि १९३२ साली त्यांना अठरा महिन्यांची कैद झाली. तुमच्याहून ते तेव्हा फार मोठे नव्हते.

त्या काळचा नकाशा तुम्ही पाहिलात तर चकित व्हाल. आज सातारा आणि सांगली हे दोन सलग जिल्हे आहेत. तेव्हा मात्र येथे इंग्रजांचा मुलूख आणि संस्थानांचे मुलूख एकमेकांत मिसळलेले होते. औंध, सांगली, मिरज, जत, फलटण अशी कितीतरी संस्थाने होती. देवराष्ट्रे इंग्रजांच्या हद्दीत, तर काही मैलांवरचे कुंडल औंध संस्थानात! सकाळी घरून निघालेला माणूस दुपारपर्यंत दुसऱ्या राज्यात जाऊन पोचे. १९४२ च्या आंदोलनात भूमिगत कार्यकर्त्यांना या हद्दींचा मोठा उपयोग झाला. इंग्रजांचे पोलीस मागे लागले की ते हद्द ओलांडून औंधच्या मुलखात जात. यशवंतराव स्वतः त्या वेळी भूमिगत होते. त्यांचे लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ते सापडेनात, तेव्हा पोलिसांनी त्यांच्या पत्नी वेणूताईंना अटक केली. पुढे १९४३ मध्ये यशवंतरावही पकडले गेले. त्याच काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले होते.

याच सातारा शहरात शंभर वर्षांपूर्वी आणखी एक गोष्ट घडली होती. १८१९ साली इंग्रजांनी सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी तह केला. इंग्रज महाराजांचे रक्षण करणार होते. बदल्यात महाराजांनी इंग्रजांच्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणत्याही राज्याशी व्यवहार ठेवायचा नव्हता. वीस वर्षांनी, गोव्याच्या पोर्तुगिजांशी व इतरांशी गुप्त संधान बांधल्याचा आरोप ठेवून इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढले आणि काशीला पाठवले. १८४८ साली तर सातारचे राज्यच खालसा झाले. रक्षणाचा करार असा महागात पडू शकतो. यशवंतरावांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात इतिहास हा विषय घेऊन पदवी मिळवली होती, त्यामुळे हा इतिहास त्यांना नवा नव्हता.

आता आपण दिल्लीकडे वळू.

भारत स्वतंत्र झाला तेव्हा जगात दोन मोठे गट पडले होते, एक अमेरिकेचा आणि दुसरा सोव्हिएत रशियाचा. पंतप्रधान नेहरूंनी कोणत्याही लष्करी गटात न जाण्याचे ठरवले. पाकिस्तानने वेगळा मार्ग धरला. १९५४ साली त्याने अमेरिकेशी संरक्षण करार केला. त्याच वर्षी तो आग्नेय आशियाच्या 'सीटो' करारात सामील झाला आणि पुढच्या वर्षी बगदाद करारात. अमेरिकेने त्याला पॅटन रणगाडे व सेबर विमाने दिली. ही शस्त्रे भारताविरुद्ध वापरली जाणार नाहीत, असे आश्वासन अमेरिकेने नेहरूंना दिले होते. हे आश्वासन लक्षात ठेवा.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने भारतावर हल्ला केला. आपले सैन्य शौर्याने लढले, पण थंडीचे कपडे, दारूगोळा, रस्ते यांपैकी काहीच पुरेसे नव्हते. पराभव झाला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना राजीनामा द्यावा लागला. नेहरूंनी मुंबईहून यशवंतरावांना बोलावून घेतले. सीमेवर शत्रू उभा असताना नोव्हेंबरमध्ये त्यांनी संरक्षणखात्याचा कारभार हाती घेतला. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, असे लोक त्या वेळी म्हणू लागले. वाक्य सुंदर आहे, पण काम फार कठीण होते. महाराष्ट्राचा कारभार चालवलेल्या या माणसाला लष्कराचा अनुभव नव्हता, आणि सेनापतींचा मंत्र्यांवरचा विश्वास उडालेला होता.

यशवंतरावांनी गाजावाजा केला नाही. ते सेनापतींचे म्हणणे ऐकून घेत. लष्कराच्या रोजच्या कामात त्यांनी ढवळाढवळ केली नाही. पराभवाची चौकशी झाली आणि तिचे निष्कर्ष त्यांनी १९६३ साली संसदेपुढे मांडले. डोंगरात लढू शकतील अशा नव्या तुकड्या उभ्या राहिल्या. फौज सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवण्याचे ठरले.

पण शस्त्रे कोठून आणायची? युद्धात अमेरिका आणि ब्रिटन यांनी घाईने मदत पाठवली होती. मात्र त्या मदतीबरोबर, काश्मीरबाबत पाकिस्तानशी तडजोड करा असा आग्रहही आला. मार्च १९६३ मध्ये पाकिस्तानने चीनशी सीमाकरार केला. म्हणजे पाकिस्तान आता अमेरिकेचाही मित्र आणि चीनचाही मित्र! भारताच्या दोन्ही बाजूंना काळजी उभी राहिली.

मे १९६४ मध्ये यशवंतराव अमेरिकेला गेले. पाकिस्तानजवळ असलेली वेगवान स्टारफायटर विमाने भारतालाही मिळावीत अशी त्यांची मागणी होती. ती अमेरिकेने मान्य केली नाही. ते तेथे असतानाच पंतप्रधान नेहरू निवर्तले आणि यशवंतरावांना परतावे लागले. त्याच वर्षी ते रशियाला गेले. रशियाने मिग-२१ विमाने देण्याचे मान्य केले, इतकेच नव्हे तर ती भारतात बनवण्यासही मदत केली. मला ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. विकत घेतलेल्या विमानाचा सुटा भाग हवा असेल तर पुन्हा विकणाऱ्याच्याच दारात जावे लागते. मिगचा सांगाडा बनवण्याचा कारखाना आपल्या नाशिकजवळ ओझर येथे उभा राहिला, इंजिनाचा ओरिसातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा हैदराबादला. १९६३ साली नाशिकमधूनच यशवंतराव लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. मिग-२१ विमाने भारतीय हवाईदलात साठ वर्षांहून अधिक काळ उडाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाली.

१ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानच्या रणगाड्यांनी छांब भागात मुसंडी मारली. दुपारी सरसेनापती जनरल चौधरी आणि हवाईदलप्रमुख अर्जनसिंग यशवंतरावांकडे आले. हवाईदल वापरायचे की नाही, हे ठरवायचे होते. विमाने आकाशात गेली की लढाई वाढणार, आणि न गेली तर काश्मीरचा रस्ता तुटणार. यशवंतरावांनी काही मिनिटांत परवानगी दिली. त्याच संध्याकाळी विमाने छांबवर पोचली. ६ सप्टेंबरला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या सरकारच्या निर्णयानुसार आपल्या फौजेने लाहोरच्या दिशेने सरहद्द ओलांडली.

आता ते १९५४ चे आश्वासन आठवा. पंजाबात खेमकरण येथे जे रणगाडे चालून आले, ते अमेरिकन पॅटनच होते! तेथे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने एकामागून एक रणगाडे फोडले आणि लढता लढता १० सप्टेंबरला ते शहीद झाले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. पकडलेले रणगाडे युद्धानंतर एका ठिकाणी ओळीने उभे केले होते. त्या जागेला लोक पॅटननगर म्हणत.

युद्ध चालू असतानाच अमेरिका आणि ब्रिटनने भारत व पाकिस्तान या दोघांनाही शस्त्रे देणे बंद केले. चीनने सिक्कीमच्या सीमेवरून भारताला धमकी दिली. पाकिस्तानच्या मदतीला मात्र ना सीटो आला, ना बगदाद करारातील दोस्त राष्ट्रांचे सैन्य आले. ज्या करारांच्या भरवशावर इतकी वर्षे काढली, ते करार वेळेला उपयोगी पडले नाहीत. २३ सप्टेंबरला युद्ध थांबले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे शास्त्रीजी व अयुबखान यांच्यात समझोता झाला. त्या वेळी यशवंतराव शास्त्रीजींबरोबर होते. करार झाला त्याच रात्री शास्त्रीजींचे निधन झाले.

त्यानंतर यशवंतराव गृहमंत्री झाले, अर्थमंत्री झाले. ती हकिकत मोठी आहे, ती आपण येथे सोडून देऊ. ऑक्टोबर १९७४ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले.

युद्धांमुळे शेजाऱ्यांशी असलेले सगळे धागे तुटले होते. १९६५ पासून पाकिस्तानशी व्यापार बंद होता. १९७१ च्या युद्धानंतर तर वकिलातीही उरल्या नव्हत्या. चीनमध्ये १९६१ पासून भारताचा राजदूत नव्हता. नोव्हेंबर १९७४ मध्ये पाकिस्तानशी व्यापार पुन्हा सुरू करण्याचा करार झाला. अमेरिकेशीही व्यापार, विज्ञान व शिक्षण यांत सहकार्य करण्यासाठी एक संयुक्त आयोग नेमण्याचे ठरले. त्या करारावर दिल्लीत यशवंतराव आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी सह्या केल्या.

चारच महिन्यांनी, फेब्रुवारी १९७५ मध्ये, अमेरिकेने शस्त्रविक्रीवरची बंदी उठवली. पाकिस्तानला पुन्हा अमेरिकन शस्त्रे मिळणार हे उघड झाले. मार्चमध्ये याच आयोगाच्या बैठकीसाठी यशवंतराव वॉशिंग्टनला जाणार होते. त्यांनी ते जाणे रद्द केले. व्यापार हवा, पण शेजाऱ्याच्या हाती शस्त्र देऊन आमच्याशी व्यापाराच्या गप्पा नकोत, असाच याचा अर्थ होता. मात्र त्यांनी आयोग मोडला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते वॉशिंग्टनला गेले आणि बैठक पार पडली. नाराजी दाखवायची, पण दार कायमचे लावून घ्यायचे नाही. यालाच मराठीत मुत्सद्देगिरी म्हणतात.

१९७६ हे वर्ष तर फार महत्त्वाचे ठरले. एप्रिलमध्ये यशवंतरावांनी लोकसभेत जाहीर केले की चीनमध्ये भारत पुन्हा राजदूत पाठवणार. के. आर. नारायणन यांची निवड झाली, जे पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. ज्या चीनच्या हल्ल्यामुळे यशवंतराव दिल्लीत आले होते, त्याच चीनशी संबंध जोडण्याची घोषणा त्यांच्या तोंडून झाली. मे महिन्यात इस्लामाबादला बोलणी झाली आणि पाकिस्तानशीही राजदूतांची देवाणघेवाण, विमाने व रेल्वे सुरू करण्याचे ठरले. २२ जुलै १९७६ रोजी अमृतसरहून लाहोरला समझौता एक्सप्रेस निघाली. फाळणीत ताटातूट झालेल्या कितीतरी कुटुंबांना तिचा आधार झाला. लग्नाला जाणारे, मयताला जाणारे, बहिणीला भेटायला जाणारे लोक तिच्यातून प्रवास करीत. मध्ये मध्ये खंड पडत ही गाडी २०१९ पर्यंत चालली. त्या वर्षी दोन्ही देशांचे संबंध पुन्हा बिघडले. ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापार थांबवला आणि ही गाडीही बंद झाली.

१९७७ साली यशवंतरावांचे परराष्ट्रमंत्रिपद संपले. वेणूताईंच्या निधनानंतर ते एकाकी झाले होते. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कराडला कृष्णा आणि कोयना या नद्या जेथे मिळतात, तेथे प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

कधी कराडला गेलात तर ती पाहा. जाण्यापूर्वी त्यांचे 'कृष्णाकाठ' हे आत्मचरित्र मिळाले तर जरूर वाचा. त्यात देवराष्ट्रे आहे, कराड आहे, आई आहे, तुरुंग आहे. १९४६ साली ते पुस्तक थांबते. पुढचे दोन भागही लिहायचे त्यांनी ठरवले होते आणि दिल्लीच्या दिवसांवरच्या भागाला 'यमुनाकाठ' हे नावही योजले होते. ते लिहायचे राहून गेले.