चोवीस ब्रशचा सेट घेण्याआधी बालगंधर्वांना भेटा

तुमच्या मोबाईलवर आत्ता बहुतेक एक मेकअप ब्रशचा सेट ‘कार्ट’मध्ये पडून असेल. चोवीस नग, गुलाबी दांडे, वर एक पाऊच फुकट. किंमत अशी, की घ्यावासाही वाटतो आणि शंकाही येते. कारण काहीही असेल, ताईचं लग्न, कॉलेजचं गॅदरिंग किंवा पार्लरचा कोर्स. पण ‘ऑर्डर’वर बोट ठेवण्याआधी पाच मिनिटं द्या. एका अशा माणसाची ओळख करून घ्या, ज्याच्याकडे बघून एकेकाळी महाराष्ट्रातल्या बायका नटायचं कसं ते शिकल्या. आणि हो, तो पुरुष होता.

नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८. लहानपणी त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटलं, असं सांगतात. पुढे लोक खरं नाव विसरले, हेच नाव राहिलं.

तेव्हा चांगल्या घरच्या बाईने नाटकात काम करणं समाजाला मान्य नव्हतं. त्यामुळे संगीत नाटकात बायकांची कामं पुरुषच करायचे. किर्लोस्कर नाटक मंडळीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले आणि गोड गळ्याच्या, देखण्या नायिकेची जागा रिकामी झाली. १९०५ मध्ये त्या जागी नारायण आला, शकुंतला होऊन. वय सतरा. म्हणजे आपल्याकडचा बारावीचा मुलगा!

आधी उजेड बघा

आता जरा डोळ्यांसमोर आणा. रंगमंचावर गॅसबत्त्यांचा पिवळसर उजेड. प्रेक्षक पार मागच्या रांगेपर्यंत बसलेले. त्या उजेडात, तेवढ्या लांबून साधा चेहरा कसा दिसेल? सपाट. नाक कुठे, भुवई कुठे, काही कळणार नाही. म्हणून जुन्या रंगपटात (तेव्हा मेकअपच्या खोलीला हेच नाव होतं) सफेदा, पिवडी, हिंगूळ आणि काजळ असे ठळक रंग असायचे. चेहरा उजळ करायचा, गालांवर लाली चढवायची, डोळे काजळाने मोठे करायचे. जवळून बघाल तर भडक, लांबून बघाल तर बरोब्बर.

यातच ब्रश निवडायचा पहिला नियम आहे. तुम्हाला कोण बघणार, किती लांबून आणि कोणत्या उजेडात, हे आधी ठरवा. ब्रश त्यानंतर.

गॅदरिंगच्या स्टेजवर लावणी करायची असेल तर रंग ठसठशीत हवा. त्यासाठी दाट, आखूड आणि जरा ताठ केसांचा ब्रश लागतो. केस दाट असले की रंग एका जागी जास्त बसतो. पण हिंगणीत मे महिन्यात भर दुपारी अंगणात हळद असेल, तर तोच ब्रश तुमचा घात करेल. वर्ध्याचं ऊन काहीच झाकून ठेवत नाही. गालावरचा लाल गोल चार हातांवरूनही दिसेल. तिथे विरळ, लांब, मऊ केसांचा ब्रश हवा. तो रंग कमी सोडतो आणि पसरवतो जास्त.

बावीस वर्षांची भामिनी

१२ मार्च १९११. मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं नाटक, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला असता तर कुणी काही बोललं नसतं. पण लोक आले होते, कंपनीचं सगळं त्या प्रयोगावर होतं. त्यांनी चेहरा रंगवला, शालू नेसले आणि उभे राहिले.

तेव्हा त्यांचं वय बावीस. म्हणजे आत्ताच्या माझ्याएवढं. त्या दिवशी आरशासमोर बसून डोळ्यांत काजळ घालताना त्यांना काय वाटलं असेल, मला सांगता येणार नाही. पण मेकअप म्हणजे नुसता टाइमपास, असं कुणी म्हणालं की मला हा दिवस आठवतो. चेहरा रंगवणं हे त्यांचं काम होतं, आणि काम म्हणूनच त्यांनी ते केलं.

दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मग सुरू झाला तो सुवर्णकाळ. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, राजकन्या, दागिन्यांनी मढलेली. त्यांची साडी नेसायची तऱ्हा, अंबाडा, नथ, सगळं घराघरांत उचललं गेलं. आजच्या भाषेत सांगायचं तर शंभर वर्षांपूर्वीचे इन्फ्लुएन्सरच!

पण खरी कमाल पुढे आहे. १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ आलं. लेखक राम गणेश गडकरी त्याच वर्षी २३ जानेवारीला आपल्याच विदर्भात, सावनेरला वारले होते. त्यातली सिंधू म्हणजे दारुड्या नवऱ्याची बायको, घरात खायला नाही, अंगावर दागिना नाही. रुक्मिणीला डोक्यावर घेणाऱ्या लोकांनी या सिंधूसाठी डोळे पुसले. चेहरा तोच, फक्त काय लावायचं आणि काय काढून टाकायचं हे त्यांना कळत होतं.

तुमच्या ब्रशच्या डब्यालाही हेच लागू आहे. चोवीसमधले अठरा ब्रश तुम्ही कधीच हातात घेणार नाही. सुरुवातीला पाच पुरतात.

डोळ्यांसाठी तीन. एक चपटा, आखूड केसांचा, पापणीवर आयशॅडो बसवायला. दुसरा निमुळता आणि फुगीर, पापणीच्या घडीत रंगाची कड विरघळवायला. याला ब्लेंडिंग ब्रश म्हणतात. तिसरा बारीक आणि तिरका कापलेला, त्याने लायनरही होतं आणि भुवईही भरता येते.

चेहऱ्यासाठी दोन. एक मोठा, मऊ, पावडरसाठी. एक मध्यम, जरासा तिरका, गालांच्या ब्लशसाठी. फाउंडेशनचं काय? ते ओला करून पिळलेल्या स्पंजने किंवा स्वच्छ बोटांनीही छान लागतं. तिथले पैसे वाचवा आणि ब्लेंडिंग ब्रशमध्ये घाला. डोळ्यांचा मेकअप ‘फसला’ असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा रंग फसलेला नसतो, त्याची कड नीट मिसळलेली नसते.

थाट आणि हिशेब

बालगंधर्वांना रंगमंचावर खोटं चालायचं नाही. उंची शालू, पैठण्या, भारी गालिचे, अत्तरं. लोकांनी तिकीट काढलंय म्हणजे त्यांना अस्सलच दाखवायचं, हा हट्ट. या हट्टामुळे ते मोठे झाले आणि याच हट्टामुळे कर्जात गेले. ८ जुलै १९२१ ला केशवराव भोसल्यांसोबतचं ‘संयुक्त मानापमान’ टिळक स्वराज्य फंडासाठी केलं, तेव्हा मुंबईत तिकिटांवर उड्या पडल्या होत्या. पण दुसऱ्याच्या निधीसाठी गर्दी खेचणाऱ्या या माणसाला स्वतःच्या कंपनीचा हिशेब कधी जमला नाही. १९३४ संपता संपता कंपनी बंद पडली.

म्हणून तुम्हीही अस्सलच्या मागे डोळे झाकून जाऊ नका. शेळीच्या किंवा खारीच्या केसांचा ब्रश महाग असतो आणि कोरडी पावडर तो खरंच सुंदर धरतो, कारण खऱ्या केसावर बारीक खवले असतात, त्यात पावडर अडकते. पण क्रीम, लिक्विड फाउंडेशन किंवा जेल लायनर तो पिऊन टाकतो आणि धुवायलाही जपावं लागतं. त्यासाठी सिंथेटिक ब्रश सरस. धुवायला सोपा, वाळतो लवकर, स्वस्तही. हल्लीचे चांगले सिंथेटिक ब्रश पावडरसाठीही चालतात, आणि प्राण्याचे केस नको असतील तर प्रश्नच मिटला.

कॅमेरा जवळ आला

बालगंधर्व मुंबई गाजवत होते त्याच काळात तिकडे लॉस एंजेलिसमध्ये मॅक्स फॅक्टर नावाचा माणूस एका अडचणीशी झुंजत होता. मूळचा पोलंडचा, विग बनवणारा. नाटकातला जाड रंग सिनेमाच्या कॅमेऱ्यासमोर चालेना. जवळून त्याला भेगा दिसायच्या. १९१४ मध्ये त्याने पातळ, क्रीमसारखा रंग तयार केला. लांबून बघायचा चेहरा आणि जवळून बघायचा चेहरा वेगळा, हे त्याने ओळखलं होतं.

हीच अडचण वीस वर्षांनी बालगंधर्वांसमोर आली. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात दुर्गा खोटे नायिका होत्या. बाईचं काम खरी बाई करू लागली. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये व्ही. शांतारामांनी बालगंधर्वांना संत एकनाथ केलं. ना नथ, ना शालू. वय सत्तेचाळीस. त्यात त्यांचा जीव रमला नाही. १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्री झाले. पण मागच्या रांगेतून जी भामिनी बावीस वर्षांची वाटायची, ती कॅमेऱ्यात एकोणपन्नास वर्षांच्या पुरुषाचा चेहरा लपवू शकली नाही. सिनेमा चालला नाही. रंग तेच होते, हातही तोच होता. बघणारा डोळा मात्र जवळ आला होता.

तुमचा सेल्फी कॅमेराही हातभर अंतरावर असतो, हे लक्षात ठेवा. तिथे ब्रश जितका मऊ आणि रंग जितका कमी, तितकं बरं.

दुकानात हे करून बघा

शक्य असेल तर पहिला ब्रश ऑनलाइन घेऊ नका. सेलूला किंवा वर्ध्याला जाल तेव्हा हातात घेऊन बघा. केस तळहातावर दाबा, सोडल्यावर ते परत मूळ आकारात यायला हवेत. मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवा. तिथे टोचला तर पापणीला टोचणारच. दोन बोटांत धरून हलकेच ओढा. एखादा केस आला तर चालतं, झुबका आला तर परत ठेवा. केस धरून ठेवणारी धातूची नळी दांड्यावर हलते का, तेही बघा. हलत असेल तर पहिल्या दोन-तीन धुण्यांत ब्रशचे दोन तुकडे होतील.

आणि धुवा! फाउंडेशनचा आणि डोळ्यांचा ब्रश आठवड्यातून एकदा तरी. साधा सौम्य शाम्पू, कोमट पाणी, केस खाली करून. वाळवताना उभा ठेवू नका, पाणी नळीत उतरतं आणि गोंद सुटतो. आडवा ठेवा. डोळ्यांचा ब्रश मैत्रिणीला देऊ नका, तिचाही घेऊ नका. एकीचे डोळे आले की सगळ्या ग्रुपचे येतात.

रंग उतरल्यावर

शेवटची वर्षं कठीण गेली. पाय अधू झाले, पैसा उरला नव्हता. तरी गाणं सुटलं नाही, भजनं गात राहिले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६४ मध्ये पद्मभूषण. १५ जुलै १९६७ ला पुण्यात ते गेले. पुढच्या वर्षी, त्यांच्या वाढदिवशी, २६ जून १९६८ ला, पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उघडलं. तिथे चित्रकार गोपाळ देऊस्करांनी काढलेली त्यांची दोन मोठी चित्रं आहेत. एकात ते साध्या पुरुषी वेशात, दुसऱ्यात स्त्रीवेशात. दोन्ही तितक्याच मानाने लावलेली.

हे मुद्दाम सांगतेय, कारण हे पान वाचणाऱ्यांत काही मुलगेही असतील, ज्यांना मेकअप शिकायचाय आणि घरी सांगायची सोय नाही. त्यांनी २०११ चा ‘बालगंधर्व’ सिनेमा बघावा. सुबोध भावे यांचा चेहरा त्यात नारायणरावांचा आणि भामिनीचाही होतो. ते काम विक्रम गायकवाड या रंगभूषाकाराचं, त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलाने ब्रश हातात धरायचा नसतो, असं कुणी म्हणालंच, तर ही दोन नावं सांगा. पुढचं काही बोलायची गरज पडणार नाही.

बाकी तो चोवीसचा सेट कार्टमधून काढा. आधी एक ब्लेंडिंग ब्रश आणि एक पावडरचा ब्रश घ्या, महिनाभर वापरा. तिसरा कोणता हवा, ते तुमचा चेहराच सांगेल.