दहा पौंडांचा डाग

बँकेत अधिकारी असताना एका खातेनिहाय चौकशीचं काम माझ्याकडे आलं होतं. खात्यात पुरेशी शिल्लक नसताना एका कारकुनानं साहेबांच्या तोंडी सांगण्यावरून चेक पुढे सरकवला होता. कागदावर सही कारकुनाची; साहेबांचा शब्द हवेत विरून गेलेला. मी नियमाप्रमाणे आरोप सिद्ध झाल्याचं लिहिलं. निकाल चुकीचा नव्हता, तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे बिली मेरेडिथची हकीकत वाचनात आली आणि तो कारकून पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहिला.

मेरेडिथ 1874 साली वेल्समधल्या चर्क या गावी जन्मला. कोळशाच्या खाणींचा हा मुलूख. वयाच्या बाराव्या वर्षी पोरगा खाणीत उतरला, अंधारात तट्टं हाकू लागला. 1894 मध्ये तो मँचेस्टर सिटीकडून खेळू लागला. उजव्या बगलेवरून चेंडू घेऊन निघाला की प्रेक्षक उभे राहत. खेळताना दातांत काडी धरायची त्याची सवय सगळ्या इंग्लंडला ठाऊक होती. 1904 मध्ये एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यात बोल्टनविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच. सिटीला मिळालेला हा पहिला मोठा मान.

पण या वैभवाच्या बुडाशी एक नियम होता. 1901 पासून कुठल्याही खेळाडूला आठवड्याला 4 पौंडांहून जास्त पगार द्यायचा नाही आणि बोनसही नाही, असं फर्मान होतं. हजारो लोक तिकीट काढून ज्याला बघायला येत त्यालाही चारच. साहजिकच क्लब मागच्या दारानं पैसे देत. ते सर्वांना माहीत होतं, आणि कुणालाच माहीत नव्हतं.

एप्रिल 1905 मध्ये विजेतेपदाच्या आशेवर असलेला सिटी संघ हंगामातला शेवटचा सामना ॲस्टन व्हिलाविरुद्ध हरला. सामन्यात हाणामारी झाली, म्हणून फुटबॉल असोसिएशननं चौकशी सुरू केली. ती करता करता भलतंच बाहेर आलं. व्हिलाचा कप्तान ॲलेक लीक याला मेरेडिथनं सामना सोडण्यासाठी 10 पौंड देऊ केले, असा आरोप आला. मेरेडिथ आधी कानांवर हात ठेवत राहिला. असोसिएशननं त्याला सबंध हंगामासाठी बाहेर बसवलं.

खरं नाट्य इथून पुढे आहे. बंदीच्या काळात क्लबनं आपल्याला सांभाळावं, अशी त्याची अपेक्षा होती. क्लबनं हात वर केले. इतकंच नव्हे, तो पैसे मागतो म्हणून वरती कळवलं. तेव्हा मेरेडिथचा बांध फुटला. लाच देऊ करण्याची कल्पना व्यवस्थापक टॉम मॅले यांची होती, संघाला ती ठाऊक होती, आणि आपल्याला आठवड्याला 4 नव्हे, 6 पौंड मिळत होते, असं त्यानं सांगून टाकलं. हिशेबाच्या वह्या तपासल्या गेल्या. 1906 मध्ये 17 खेळाडूंना 1907 उजाडेपर्यंत बंदी आणि दंड झाला. मॅले आणि माजी अध्यक्ष यांना तहहयात बंदी. क्लबला दंड झाला आणि खेळाडूंना दुसरीकडे विकावं लागलं. इतर क्लबही हेच करतात, असं मॅले सांगत राहिले. ते खोटं नव्हतं. पण वह्या सापडल्या होत्या सिटीच्या.

मेरेडिथला मी धुतल्या तांदळासारखा म्हणणार नाही. दहा पौंड त्यानंच पुढे केले होते. आणि त्यानं खरं सांगितलं ते सत्याच्या ओढीनं नव्हे, दुखावल्यामुळे. त्याच्या बोलण्यानं सोबतीही भरडले गेले. पण माणूस चिडून बोलला म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही, हे आम्ही चौकशी करणारे फार वेळा विसरतो.

1 जानेवारी 1907. बंदी संपली त्या दिवशी तो शेजारच्या मँचेस्टर युनायटेडकडून मैदानात उतरला. समोर पुन्हा ॲस्टन व्हिला! त्याच्या पासवर सँडी टर्नबुलनं गोल केला आणि युनायटेड जिंकलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युनायटेडचा तरुण खेळाडू टॉमस ब्लॅकस्टॉक खेळता खेळता कोसळून मरण पावला. घरच्यांना नुकसानभरपाई मिळाली नाही. डिसेंबरमध्ये मँचेस्टरच्या एका हॉटेलात खेळाडूंची युनियन स्थापन झाली. सभेच्या अध्यक्षस्थानी मेरेडिथ होता. शिक्षा भोगलेला माणूस आता शिक्षा देणाऱ्यांसमोर बसला होता.

1909 मध्ये असोसिएशननं युनियन सोडा, नाहीतर खेळ सोडा, असा हुकूम काढला. बहुतेक जण वाकले. त्या वर्षीचे कपविजेते, युनायटेडचे खेळाडू, तेवढे वाकले नाहीत. त्यांनी बहिष्कृतांचा संघ अशी पाटी धरून फोटो काढला. हंगाम तोंडावर आल्यावर तडजोड झाली. युनियनला मान्यता मिळाली. मात्र इतर कामगार संघटनांशी हात मिळवायचा नाही, ही अट राहिली. पगाराची मर्यादाही राहिली.

1915 मध्ये युनायटेड-लिव्हरपूल सामना आधीच ठरवून खेळला गेला आणि सात खेळाडूंवर जन्माची बंदी आली. त्यांत सँडी टर्नबुल होता. 1917 मध्ये तो महायुद्धात मारला गेला; त्याच्यावरची बंदी उठली ती त्यानंतर. त्या सामन्यात मेरेडिथही खेळला होता, पण कटात नव्हता. आपल्याकडे चेंडूच येत नाही, याचंच त्याला नवल वाटलं होतं म्हणे.

तो 1924 पर्यंत, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत खेळला. 1958 च्या एप्रिलमध्ये, म्युनिकच्या विमान अपघाताला जेमतेम अडीच महिने झाले असताना, तो मँचेस्टरमध्ये वारला. शहर तरुण पोरांच्या दुःखात बुडालेलं होतं. हा म्हातारा गेला. 4 पौंडांपासून निघालेली पगाराची मर्यादा 1961 मध्ये रद्द झाली. ते पाहायला तो नव्हता. त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो 2001 मध्ये बसला, आणि त्यात खेळाडूंच्या संघटनेचा हात होता.

दहा पौंडांचा डाग त्याच्या नावावर आहे आणि तो असावाच. मला एवढंच वाटतं, की माझ्या त्या जुन्या अहवालात सहीच्या खाली आणखी एक ओळ हवी होती: तोंडी हुकूम कुणी दिला, याची. ती लिहायला मला कुठल्याही नियमानं अडवलं नव्हतं.