हर्बर्ट फ्रूड : गाडी थांबविणारा संशोधक

गाडी पळविणाऱ्यांचीं नांवें सर्वतोमुखीं असतात. ती थांबविणाऱ्यांचीं नांवें फार थोड्यांस ठाऊक असतात. आल्लापल्लीच्या जंगलांतून सागवानाचे ओंडके लादून ट्रक निघतो, तेव्हां त्याच्यापुढें चालणाऱ्या बैलगाडीवानाचा जीव त्या ट्रकच्या ब्रेकवर अवलंबून असतो. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीकडील वाचकांस हर्बर्ट फ्रूड यांचें चरित्र सांगावें असें आम्हांस वाटतें.

फ्रूडसाहेबांचा जन्म १८६४ सालीं इंग्लंडांत झाला. गांवोगांव फिरून माल खपविण्याचा त्यांचा व्यवसाय होता. डर्बीशर परगण्यांतील डोंगराळ मुलुखांत हिंडतांना त्यांना असें दिसलें, कीं उतारावर घोडागाडी आवरण्यासाठीं गाडीवान ब्रेकला जुन्या बुटांची जोड देतात. नुसतें लांकूड लोखंडी धांवेवरून घसरतें. चामडें चाकास अधिक धरतें. हा देखावा पुष्कळांनीं पाहिला असेल. फ्रूडसाहेबांनीं त्यावर विचार केला. १८९७ च्या सुमारास कोंब्स या खेड्यांतील एका लहानशा शेडांत त्यांनीं अधिक घर्षण देणाऱ्या पदार्थांचे प्रयोग आरंभिले. पुढें जवळच्याच चॅपल-एन-ल-फ्रिथ या गांवीं त्यांचा कारखाना उभा राहिला. स्वतःच्या आडनांवाच्या अक्षरांची उलटापालट करून व त्यांत पत्नी एलिझाबेथ हिच्या नांवाचें आद्याक्षर मिळवून त्यांनीं आपल्या मालास 'फेरोडो' हें नांव दिलें.

मोटारी आल्या आणि नवी अडचण उभी राहिली. ब्रेक गाडीच्या वेगाचें उष्णतेंत रूपांतर करितो, आणि सुती लायनिंग ती उष्णता सोशीना. तेव्हां १९०८ च्या सुमारास त्यांनीं ॲस्बेस्टॉसचा उपयोग सुरू केला. तो उष्णता सोशी. परंतु त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्याचें पुढें सिद्ध झालें व १९९९ सालीं ब्रिटननें त्यावर बंदी घातली. जुन्या ब्रेकमधील धूळ कोणींही फुंकून उडवूं नये, ती याचसाठीं. एका पिढीचा उपाय पुढील पिढीस तपासून घ्यावा लागतो, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

गाडी एकदम थांबवितांना तिचा भार पुढील चाकांवर येतो. त्यामुळें थांबविण्याचें अधिक काम पुढील ब्रेकच करितात. तरीही आरंभींच्या बहुतेक मोटारींस ब्रेक मागील चाकांसच असत. पुढील चाकांचे ब्रेक १९२० नंतरच्या दशकांत सर्वत्र रूढ झाले. ज्या पालकांजवळ जुनी गाडी आहे व पैसा बेताचा आहे, त्यांनीं म्हणूनच प्रथम पुढील ब्रेककडे पाहावें. मोठ्या डिस्कचा खर्च करण्यापूर्वीं गाडीस योग्य असें चांगल्या प्रतीचें लायनिंग किंवा पॅड पुढील दोन्ही चाकांस एकदमच बसवावें. एकाच बाजूस बसविल्यास गाडी एकीकडे ओढते. झिजलेला ड्रम किंवा डिस्क तपासून घ्यावी व ब्रेकचें तेल वेळच्या वेळीं बदलावें, कारण तें हवेंतील ओलावा शोषतें आणि लांब उतारावर ऐनवेळीं दगा देतें. हें काम मात्र जाणत्या मेस्त्रीकडूनच करवावें.

फ्रूडसाहेब १९३१ सालीं निवर्तले. त्यांचें भांडवल प्रथम अल्प होतें. गाडीवानाची युक्ति हलकी न मानण्याइतकी नम्रता मात्र त्यांच्याजवळ होती. आमच्या मुलांनींही आपल्या गांवच्या सुतार-लोहारांच्या कामाकडे त्याच दृष्टीनें पाहावें, अशी आमची इच्छा आहे.